जावयाचं बोट

कासारवाडीहून सकाळी पावणेसहाला सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती: दसरा उलटला की ड्रायव्हरच्या पाठीमागं जपून बोलायचं. कारण ज्योतीराम काळदाते बघायचा रस्त्याकडं, पण कान असायचे मागं. आणि वरच्या आरशात ती चाळीस तोंडं त्याला वर्षानुवर्षं दिसत आलेली. कोण कुठं चढतं, कोण खिडकीला डोकं लावून घोरतं, कोण आज बायकोशी भांडून आलंय, सगळं त्याला न सांगता कळायचं.

आता हे कळून तो करायचा काय? तर दिवाळीला भेटी द्यायचा. मोठ्या नव्हे हो, ड्रायव्हरच्या पगारात मोठं ते काय येणार! पण नेमक्या. मोशीला चढणारा एक फिटर होता, त्याच्या डब्यातला रस्सा रोज पिशवीत सांडायचा आणि तो रोज डब्याला शिव्या घालायचा. दिवाळीला त्याच्या मांडीवर घट्ट झाकणाचा, आत रबर बसवलेला डबा पडला. तपासणी खात्यातली तनुजा आठ-आठ तास उभी राहून काम करायची आणि परतताना बूट काढून टाचा चोळत बसायची. तिला बुटात घालायचे मऊ तळवे मिळाले. गेटवरचे दत्तोबा वॉचमन सारखे चष्मा शोधायचे आणि तो असायचा त्यांच्याच कपाळावर. त्यांना ज्योतीरामनं चष्म्याला अडकवायची काळी दोरी आणून दिली, ती पण स्वतःच्या हातानं गळ्यात घातली. दत्तोबा दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती दोरी दाखवत होते.

"भाऊ, तुम्हाला कळतं कसं हो?" तनुजानं एकदा विचारलं होतं.

"त्यात काय कळायचं?" ज्योतीराम म्हणाला. "माणूस रोज कशावर चिडतंय ते बघायचं. तेवढंच आणायचं."

आणि बदल्यात ज्योतीरामला काय मिळायचं? सोनपापडी. दर दिवाळीला सोनपापडी. प्रेमानंच द्यायचे बिचारे सगळे, पण द्यायचे सोनपापडीच. सव्वीस वर्षांत या माणसाला नक्की काय हवं असेल, असा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. खरं सांगायचं तर त्याच्या स्वतःच्या डोक्यातही आला नव्हता. घरी खोकी रचून ठेवायची आणि बायकोनं, दुर्गाबाईनं, म्हणायचं, "आवं, ह्या वरसाला अकरा झाली बगा."

तर असा हा माणूस यंदा अडला होता. आणि अडला होता तो स्वतःच्या जावयापाशी.

ज्योतीराम मूळचा कळंबकडचा. पोरगा असताना ट्रकवर क्लीनर म्हणून आला, धोंडीबा नावाच्या उस्तादाच्या हाताखाली शिकला आणि इथलाच झाला. लेक एकच, दिव्या. चाकणला एका कंपनीच्या ऑफिसात लागली आणि तिथंच तिची ओळख झाली निघोज्याच्या रविराजशी. म्हणजे त्या कंपनीला ज्यांच्या बस लागल्या होत्या, त्या अर्जुनरावांचा हा धाकटा मुलगा. गावातलं जुनं घर. जमिनी कारखान्यांत गेल्या तेव्हा अर्जुनरावांनी शहाणपणानं गाड्या घेतल्या. चार बस, कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची चाळ, दारात दोन मोटारी. मेमध्ये लग्न झालं. अर्जुनरावांनी हुंड्याचं नाव काढलं नाही, मांडवात ज्योतीरामला आपल्या शेजारी बसवलं. माणसं चांगली होती, त्यात काही वाद नाही.

पण गंमत बघा. जावई बसचा मालक आणि सासरा बसचा ड्रायव्हर. ज्योतीराम कुणा दुसऱ्याच ठेकेदाराची गाडी चालवत होता म्हणून बरं, नाहीतर जावयाकडूनच पगार घ्यायची वेळ आली असती. बसमधली पोरं यावरून त्याला सतवायची. तो हसायचा. पण आत कुठंतरी ते सलायचं.

आणि आता पाडव्याला दिवाळसण. लग्नानंतरची जावयाची पहिली दिवाळी. त्याला घरी बोलवायचं, तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, ओवाळायचं आणि ताटात काहीतरी मानाचं ठेवायचं. ते काहीतरी म्हणजे काय, हाच तर घोर! निघोज्याच्या थोरल्या सुनेच्या, मंजुषाच्या, वडलांनी दोन वर्षांपूर्वी दिवाळसणाला तिच्या नवऱ्याला, ओंकारला, बुलेट दिली होती. ती बुलेट दारातच उभी असायची, कव्हर घालून. आल्या-गेल्याला आपोआप दिसायची.

दिव्यानं कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण एकदा फोनवर बोलताना मागून कुणीतरी पाहुणी बाई म्हणाली, "आता धाकटीच्या बापाचं बघू काय येतंय ते!" आणि दिव्या एकदम गप्प झाली, आणि मग उगाच हवापाण्याचं बोलायला लागली. ज्योतीरामनं ते ऐकलं. माणसाचं गप्प होणं तर त्याला सगळ्यात आधी ऐकू यायचं. त्या दिवसापासून त्याच्या मनानं एकच घेतलं: काहीही होवो, माझ्या लेकीची त्या घरात मान खाली जाता कामा नये.

त्यानं बसमध्ये विचारलं आणि चूक केली. चाळीस माणसांची कमिटीच बसली हो! भोसरी सुटल्यापासून नुसता गोंधळ. कुणी म्हणालं घड्याळ, मनगटावर ठोके मोजणारं. कुणी म्हणालं सफारी. फिटर म्हणाला, "भाऊ, ट्रॉली बॅग द्या, कंपनीनं गेल्या वर्षी दिली ती माझ्याकडं तशीच आहे, घेऊन जा." त्याला सगळ्यांनी मिळून खाली बसवला. शेवटी तनुजा म्हणाली, "सोन्याची अंगठी द्या भाऊ. सोन्याला कुणी नाव ठेवत नाही." आणि आळंदी फाट्याच्या आधी ठराव पास झाला.

आता इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण खरी चूक इथंच झाली.

दसऱ्याला ज्योतीराम आणि दुर्गाबाई निघोज्याला गेले होते. गाड्यांची पूजा होती. तीन बस धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून अंगणात उभ्या, चौथी यायची बाकी. अर्जुनराव, त्यांच्या मंडळी आक्काबाई, दोन्ही मुलं, सुना, ड्रायव्हर. रविराज नारळ घेऊन उभा. एवढ्यात विक्की नावाचा त्यांचा ड्रायव्हर चार नंबरची गाडी चढावरून आत घेऊन आला, खाली उतरला आणि म्हणाला, "मालक, क्लच प्लेट गेली. उद्या-परवा गाडी न्हाई निघणार."

ज्योतीरामनं तीच गाडी चढ चढताना ऐकली होती. इंजिन रिकामं ओरडलं नव्हतं, गिअर न कुरकुरता पडला होता, जळका वास नव्हता. प्लेटला काय धाड भरली होती? पोराला सणाची सुट्टी हवी होती, एवढंच. पण रविराजला ते कुठून कळणार! तो कधी विक्कीकडं, कधी गाडीकडं बघत उभा राहिला. आणि अर्जुनराव सगळ्यांच्या देखत बरसले, "बग की जरा खाली वाकून! नुसता मालक म्हनून मिरवतुस. गाडीतलं काय कळतंय तुला?"

रविराज बसच्या पलीकडच्या बाजूला गेला. ज्योतीराम इकडं उभा होता आणि गाडीच्या बाहेरच्या आरशात त्याला ते तोंड दिसलं. सत्तावीस वर्षांचा दाढीवाला गडी, पण तोंड असं झालं होतं की बघवेना. ज्योतीरामच्या ओठापर्यंत शब्द आले होते. मग त्यानं ते गिळले. मुलीचा बाप, त्यात ड्रायव्हर, त्यात पाहुणा. आपण कशाला त्यांच्या घरात तोंड घालायचं? जेवून, कमरेवर हात ठेवत तो उठला, सोनं म्हणून आपट्याची पानं दिली-घेतली आणि परत आला.

म्हणजे बघा, जावयाला काय हवंय ते त्याला त्याच दिवशी दिसलं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तेवढ्यावर तो वर्षभर विचार करत बसला असता. पण लेकीच्या सासरचा प्रश्न आला आणि या शहाण्या माणसाच्या डोळ्यासमोर जावयाच्या जागी ती कव्हरमधली बुलेट येऊन बसली.

अंगठीचं ठरलं, पण माप? दुर्गाबाई म्हणाली, "दिव्याला इचारा की."

"न्हाई न्हाई. तिला कळलं तर ती नको म्हणंल."

"मग?"

"मी हात मिळवलाय त्यांच्याशी. त्यांचं ते बोट म्हंजी माझी करंगळी. बरोब्बर."

"आवं, काय तरीच!"

"दुर्गे, बारा मीटरची गाडी वीतभर जागेतनं काढतो मी. मला बोटाचं माप कळंना व्हय?"

बोनस होता, दुर्गाबाईची भिशी लागली होती. चिंचवडच्या सोनारानं ज्योतीरामच्या करंगळीचं माप घेतलं आणि हसू दाबत अंगठी केली. नाजूक नव्हती, चांगली भरीव, वर 'र' कोरलेला. दुर्गाबाईनं ती चार वेळा डबीतून काढून बघितली. गेली तीन वर्षं ती स्वतःच्या पाटल्यांसाठी भिशी लावत होती. त्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही, म्हणून आपणही काढायला नको.

पाडवा उजाडला. कासारवाडीच्या दोन खोल्यांच्या घरात पहाटेपासून धांदल. दारात रांगोळी, आकाशकंदील, चकलीचा खमंग वास. नऊच्या सुमाराला गाडी आली. दिव्या उतरली, रविराज उतरला, आणि मागून उतरल्या आक्काबाई. दुर्गाबाईनं घाईनं पदर सावरला.

"म्हनलं मी बी येते," आक्काबाई आत येत म्हणाल्या. "इहीणबाईंच्या हातची करंजी खायाची हाय मला. चालंल न्हवं?"

"आवं, ह्ये काय इचारनं झालं! या, बसा."

आक्काबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे घरभर फिरवले. वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं. रविराजच्या हातात खाकी कागदात गुंडाळलेली एक लांबोडकी वस्तू होती. ती त्यानं संकोचत कोपऱ्यात ठेवली. "मामा, तुमच्यासाठी. नंतर बघा." ज्योतीरामनं मान डोलावली. मोठा डबा दिसतोय सोनपापडीचा, त्याच्या मनात आलं.

उटणं झालं, आंघोळ झाली. नवा सदरा घालून रविराज पाटावर बसला. पाटाभोवती रांगोळी. दुर्गाबाईनं कुंकू लावलं, ओवाळलं. ताटात कपडे, नारळ आणि लाल डबी. ज्योतीराम पुढं झाला. डबी उघडली, जावयाचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठी चढवायला लागला.

पहिलं पेर गेलं. दुसऱ्या पेरापाशी अंगठी अडली.

त्यानं जरा दाबली. रविराज "स्स्" करून गप्प झाला. जरा फिरवून बघितली. हलेना. दुर्गाबाईनं तुपाची वाटी पुढं केली, तूप लावलं, तरी हलेना. दुर्गाबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं की त्यात 'करंगळी' हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. दिव्या खाली बघत होती. आणि आक्काबाई खुर्चीत पुढं वाकल्या होत्या.

संपलं, ज्योतीरामला वाटलं. आता ही गोष्ट निघोज्याला जाणार, त्या पाहुणीपर्यंत जाणार. ड्रायव्हर सासऱ्यानं अंगठी आणली, ती पण बोटात जाईना!

"राहू द्या मामा," रविराज हळूच म्हणाला. "बोट जरा सुजलंय. गाडीच्या दारात सापडलं होतं."

तेव्हा कुठं ज्योतीरामनं तो हात नीट बघितला. म्हणजे अंगठीसाठी नव्हे, जसा तो दुसऱ्या कुणाचा बघितला असता तसा. दारात सापडलं तर नख काळं पडतं. इथं नख स्वच्छ होतं. पण चारी पेरांवरची कातडी सोललेली, वर खपल्या धरलेल्या, मधलं पेर सुजून हे एवढं झालेलं. आणि उटण्यानं न्हाऊनसुद्धा नखांच्या कडेला काळी रेघ राहिलेली. ती कशाची असते हे त्याला सांगायला नको होतं. त्याच्या स्वतःच्या हातावरची कधी गेली नव्हती.

"पाव्हणं," तो म्हणाला, "हे दार न्हाई. पाना घसरलाय."

रविराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं आईकडं चोरून बघितलं.

"कुठलं चाक सोडत होता?"

"मागचं. डावीकडचं."

"चार नंबरचं?"

"हो."

"आन् नट कुठल्या अंगाला फिरवत होता?"

रविराजनं दुखरा हात हवेतच फिरवून दाखवला. ज्योतीरामला हसू फुटलं. चांगलं पोटातून आलं, त्याला आवरेना.

"आवो, त्या जुन्या गाडीला डावीकडचे नट उलट्या आट्याचे असतात! तुम्ही सोडत न्हवता, आवळत होता. कितीदा प्रयत्न केला?"

"तीन दिवस," रविराज म्हणाला आणि त्यालाही हसू आलं. "ड्रायव्हर यायच्या आधी, सकाळी सकाळी. कुणाला कळू नये म्हणून. मला वाटलं, माझ्यातच जोर नाही."

तीन दिवस! एकटं पोर, गुपचूप, हात सोलवटून घेत आवळलेलाच नट आवळत होतं. ज्योतीरामचं हसू तिथंच विरलं. दसऱ्याच्या दिवशीचं ते आरशातलं तोंड त्याच्या डोळ्यापुढं उभं राहिलं. आपल्याला दिसलं होतं. दिसूनसुद्धा आपण निघून आलो.

तो उठला. आतल्या खोलीत गेला, पलंगाखालची आपली ड्युटीची पिशवी ओढली आणि तिच्यातनं एक वस्तू काढली. बाभळीच्या लाकडाचा हातोडा. हातभर दांडा, घाम पिऊन काळा झालेला, डोक्याच्या कडा झिजून गोल झालेल्या. धोंडीबा उस्तादानं दिलेला. रोज गाडी काढायच्या आधी ज्योतीराम त्यानं सगळी चाकं ठोकायचा, कारण मागच्या जोडचाकातलं आतलं चाक हवा जाऊन बसलं तर डोळ्याला दिसत नाही, आवाजावरून कळतं. सव्वीस वर्षांत त्यानं तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता.

दारापाशी तो क्षणभर थांबला. बाहेर विहीणबाई बसल्यात. त्यांच्या दारात बुलेट आहे. आणि आपण जावयाला वापरलेलं लाकूड देणार? दिव्याचं काय? त्याचे पाय अडखळले, नाही असं नाही. पण आता मागं फिरायचं नाही, असं म्हणून तो बाहेर आला.

"पाव्हणं, अंगठी सोनाराकडं देऊन मोठी करू. ती मी लोकांकडं बघून आणली, खोटं कशाला बोलू? हे मात्र तुमच्याकडं बघून देतोय." त्यानं हातोडा दोन्ही हातांनी पुढं केला. "चाक ठोकायचा हाय. भरलेलं चाक ठण्ण वाजतं, बसलेलं भद्द. कान लावला की महिन्यात कळाय लागतंय. क्लचचं बी शिकवतो, नटाचं बी. दर रविवारी गाडी घेऊन या. पुन्हा कुणी म्हणायला नको तुम्हाला, की गाडीतलं काय कळतंय."

रविराजनं हातोडा घेतला आणि नुसताच बघत राहिला.

"आना हिकडं," आक्काबाई म्हणाल्या.

त्यांनी हातोडा मांडीवर घेतला. दांड्यावरून अंगठा फिरवला. "नवा न्हाई व्हय ह्यो?"

"न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "माझ्या उस्तादाचा."

"आन् तुमी काय वापरनार मग?"

"करीन दुसरा."

आक्काबाई म्हणाल्या, "आमच्या मालकांनी पोराला वरडायचं तेवढं वरडून घेतलं. शिकवलं मातर कुनी न्हाई. मला दिसत हुतं, पन बाईमानसानं बोलायचं काय? आन् ती बुलेट म्हनाल तर ओंकारनं वरसभरात दोनदा चालू केली आसंल. मीच पुसती रोज." त्यांनी ओवाळणीच्या ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं, हातोड्याला लावलं, वर चार अक्षता टाकल्या आणि तो लेकाच्या ओंजळीत ठेवला. "धर नीट. आसलं कुनी देत न्हाई रं."

रविराजनं खाली वाकून ज्योतीरामच्या पायाला हात लावला. "आवो, जावयानं पाया पडायचं नसतं," म्हणत ज्योतीराम मागं सरकला, पण तोवर पडून झालं होतं.

"मामा," उठता उठता तो म्हणाला, "रविवार लांब आहे. उद्या आलो तर?"

"उद्या भाऊबीज हाय!" दुर्गाबाई ओरडली आणि सगळी खोली हसली.

जेवणं झाल्यावर ज्योतीराम पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेला. दिव्या ताटं विसळत होती. तो तिच्याजवळ उभा राहिला. विचारू की नको, विचारू की नको.

"दिवू, तुला खाली बघायची पाळी आली का गं? खरं सांग."

दिव्यानं ताट तसंच नळाखाली सोडलं आणि ओल्या हातांनी त्याला मिठी मारली. "पप्पा, तुम्हाला माहितीय का? दसऱ्यापासून हे मला रोज विचारत होते, तुझे पप्पा मला शिकवतील का गं? मी म्हणायचे, विचारा की. तर म्हणायचे, जावयानं कसं मागायचं? लोक म्हणतील, सासऱ्याला कामाला लावलं."

"आन् तू मला सांगितलं न्हाईस?"

"शपथ घातली होती. मला वाटलं होतं, तुम्हाला कळेल. तुम्हाला सगळ्यांचं कळतं." तिनं डोळे पुसले. "कळलं की!"

उशिरा कळलं बाई, तो मनात म्हणाला.

दुपार कलताना पाहुणे गेले. आक्काबाईंनी करंज्यांचा डबा हक्कानं मागून नेला. घर एकदम रिकामं झालं. दुर्गाबाई कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "ती सोनपापडी उघडा आता. बारावी."

ज्योतीरामनं खाकी कागद फाडला. आत सोनपापडी नव्हती. लाकडी मण्यांचं सीट निघालं, ड्रायव्हरच्या खुर्चीवर पसरायचं. साधं बाजारातलं नव्हतं. कमरेच्या जागी मण्यांमागं मऊ उशी शिवून घेतली होती, आणि मागं बांधायचे पट्टे बसच्या खुर्चीला पुरतील एवढे लांब होते. म्हणजे कुणीतरी बसच्या खुर्चीचं माप घेऊन मुद्दाम करून घेतलं होतं.

"ह्ये वो कशाला?" दुर्गाबाईनं विचारलं.

ज्योतीरामनं त्या उशीवरून हात फिरवला. दसऱ्याला जेवून उठताना त्याचा हात कमरेवर गेला होता. एकदाच. घरात वर्षानुवर्षं कुणाला दिसला नव्हता, कारण त्यानं दिसू दिला नव्हता. आणि ज्याला आदल्या घडीला चारचौघांत बोलून घ्यावं लागलं होतं, त्या पोरानं तो तेवढ्यात बघून ठेवला होता. सासरा ड्रायव्हर आहे याची लाज वाटणारा माणूस त्याच्या खुर्चीचं माप घेत नाही.

तो ते सीट मांडीवर घेऊन बसला आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. दुर्गाबाई शेजारी येऊन बसली.

सुट्ट्या संपल्या. पहिल्या शिफ्टला ज्योतीरामनं खुर्चीवर सीट पसरलं, पट्टे ओढून बांधले आणि बसला. कमरेला बरोबर जिथं हवं तिथं टेकलं. तनुजा चढता चढता पायरीवरच थांबली.

"भाऊ, मस्त आहे की! कुणी दिलं?"

ज्योतीरामनं आरसा उगाचच सारखा केला.

"आमच्या जावयानं," तो म्हणाला, आणि गाडी सुरू करून कोणी मध्ये नसतानाही नाशिक फाट्यापर्यंत हॉर्न वाजवत गेला.